महिन्याची यादी मार्टात गेली की गावात काय बदलतं?

तालुक्याच्या गावात बायपासला मोठं मार्ट येणार अशी बातमी फुटली की दोन तट पडतात. कुणी म्हणतं, बरं झालं, तेल-साखर स्वस्त मिळेल, जिल्ह्याच्या ठिकाणी जायला नको. कुणी म्हणतं, आता पेठ उठली म्हणून समजा. चार-पाच वर्षांनी बघितलं तर दोन्ही खरं झालेलं असतं, फक्त वेगवेगळ्या घरांसाठी. कुणाच्या घरात काय बदलतं आणि का, हे समजून घ्यायचं तर आधी मार्टाचा हिशेब कसा चालतो ते बघायला हवं.

मार्ट म्हणजे इथे कोपऱ्यावरची सुपर शॉपी नव्हे. तीस-चाळीस हजार चौरस फुटांची एकच इमारत, समोर पार्किंग, आत पिठापासून पँटपर्यंत सगळं, आणि अशी शेकडो दुकानं चालवणारी एकच कंपनी. हा प्रकार अमेरिकेत फोफावला. सॅम वॉल्टन यांनी १९६२ साली आर्कान्सा राज्यातल्या रॉजर्स या लहानशा गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. बाकीचे मोठ्या शहरांच्या मागे होते तेव्हा लहान गावं धरायची, ही त्यांची रीत. आपल्याकडे लोकांच्या तोंडी नाव आहे ते डीमार्टचं. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला पहिलं दुकान काढलं. मार्च २०२५ अखेर देशभरात त्यांची ४१५ दुकानं होती आणि सर्वांत जास्त महाराष्ट्रात. वॉलमार्टने भारतात घाऊक दुकानं काढली, फ्लिपकार्ट घेतलं, पण सामान्य गिऱ्हाइकासाठी किराण्याचं दुकान त्यांनी इथे उघडलेलं नाही. मल्टिब्रँड, म्हणजे अनेक कंपन्यांचा माल एकाच दुकानात विकण्याच्या, किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकी गुंतवणुकीला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! प्रत्यक्षात पेठेसमोर उभं राहिलेलं मार्ट देशीच निघालं.

स्वस्त कसं परवडतं

साबणाची वडी कारखान्यातून कंपनीच्या डेपोत येते, तिथून डिस्ट्रिब्युटरकडे आणि त्याच्या टेम्पोतून दुकानात. छापील किमतीतून प्रत्येकाचा वाटा निघतो. नामांकित कंपनीच्या मालावर किराणा दुकानदाराला ढोबळमानाने ८ ते १२ टक्के सुटतात. त्यातच भाडं, वीजबिल, पोऱ्याचा पगार आणि स्वतःचा घरखर्च.

मार्ट मधला डिस्ट्रिब्युटर काढून टाकतं आणि ट्रकच्या ट्रक थेट कंपनीकडून घेतं. डीमार्ट तर पुरवठादारांचे पैसे साधारण आठवडाभरात चुकते करतं. या धंद्यात पैसे महिना-महिना अडकून पडतात, त्यामुळे लवकर पैसे देणाऱ्याला कंपनी जास्त सूट देते. बहुतेक जागाही डीमार्टच्या स्वतःच्या मालकीच्या, म्हणजे दर महिन्याच्या भाड्याचा बोजा नाही. शिवाय सगळा नफा साबणावर काढायचा नसतो. डीमार्टच्या विक्रीतला पाचव्या हिश्शाहून जास्त भाग कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू यांचा आहे आणि तिथे मार्जिन चांगलं सुटतं. तेल-साबण छापील किमतीखाली देऊन गिऱ्हाईक आत आणायचं. बाहेर पडताना त्याच्या ट्रॉलीत बादली असते आणि मुलाचा टी-शर्टही असतो. म्हणून फटका एकट्या वाण्याला बसत नाही. भांडीवाला आणि रेडिमेड कपड्यांचा दुकानदार यांनाही तो बसतो, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही एवढंच.

मिळणारी बचत खरी आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. पाच माणसांच्या घराचा महिन्याचा किराणा पाच हजारांचा असेल आणि त्यात चारशे वाचत असतील, तर ते जवळजवळ अर्ध्या गॅस सिलिंडरचे पैसे झाले. मार्टावर टीका करणारे बरेच जण ही गोष्ट उडवून लावतात, ते मला पटत नाही. आणि प्रश्न निव्वळ पैशांचा नाही. पेठेतल्या काही दुकानांत तुमचे कपडे बघून आवाज बदलतो, बिल मागितलं तर कपाळाला आठी पडते, तारीख उलटून गेलेलं पाकीट गुपचूप पिशवीत जातं. मार्टात डाळीचं पाकीट स्वतःच्या हाताने उचलून, भाव बघून, परत ठेवता येतं. कुणी टोकत नाही. अनेक बायकांना मार्ट आवडतं त्याचं हे मोठं कारण आहे आणि ते अगदी रास्त आहे.

यादी जाते, पुड्या उरतात

मार्ट आल्यावर किराणा दुकानं बंद पडतात का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझ्या मते हा प्रश्नच अपुरा आहे. दुकान बहुतेक वेळा चालू राहतं, पण आतून बदलतं, आणि तो बदल शटर खाली-वर होण्यातून दिसत नाही.

वाण्याचा धंदा दोन प्रकारचा असतो. एक महिन्याची यादी: दहा किलो तांदूळ, पाच लिटर तेल, साखर, तूरडाळ, शेंगदाणे, रवा, साबण, वॉशिंग पावडर. एकदा कागदावर लिहून दिली की पोऱ्या संध्याकाळी घरपोच टाकून जातो. दुसरी रोजची सुटी विक्री: पाच रुपयांची चहाची पुडी, दोन अंडी, शांपूची पुडी, अचानक संपलेलं मीठ. यादीत एका फेरीत तीन-चार हजारांचा धंदा होतो. सुट्या विक्रीत तेवढ्यासाठी शंभर वेळा उठावं लागतं.

आकड्यांत मांडून बघू. हे उदाहरण समजण्यापुरतं आहे. एका दुकानाकडे ऐंशी घरांच्या याद्या आहेत. त्यांतली चाळीस घरं पगारदार: शिक्षक, बँकेतले, एसटीतले, ग्रामसेवक. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांचे पैसे येतात. उरलेली चाळीस घरं मजुरांची, रिक्षावाल्यांची, लहान शेतकऱ्यांची. ती सोयाबीन विकलं की, उसाचं बिल जमा झालं की किंवा आठवड्याची हजेरी मिळाली की देतात. मधल्या काळात सगळं वहीवर.

मार्ट उघडलं की आधी कोणती घरं जातात? ज्यांच्याकडे गाडी आहे, एकरकमी पैसे आहेत आणि घरात महिन्याचा माल ठेवायला जागा आहे ती. म्हणजे पगारदार. राहतात ती वहीवरची. धंदा निम्म्यावर आला हे तर झालंच, पण खरी गोम पुढे आहे. पगारदारांच्या रोखीवर दुकानदार डिस्ट्रिब्युटरची बिलं भागवत होता आणि त्याच जोरावर बाकीच्या चाळीस घरांना दोन-दोन महिने थांबत होता. आता रोख गेली आणि उधारी अंगावर राहिली. डिस्ट्रिब्युटरचा माणूस मात्र ठरल्या दिवशी दारात येतोच.

मग दुकानदार वही आखडती घेतो. "मावशी, मागचे तेवढे मिटवा, मग पुढचं बघू," हे वाक्य ऐकू येऊ लागतं. तसं बघितलं तर त्याचाही इलाज नसतो. पण त्या मावशींनी कधी मार्टात पाऊल टाकलेलं नसतं, तिथल्या स्वस्ताईतला एक रुपया त्यांना मिळालेला नसतो, आणि मार्ट आल्याचा चटका सगळ्यात आधी त्यांना बसतो. मार्टात उधारी नाही. कार्ड चालतं, पण कार्ड कुणाकडे असतं? आजारपण, पेरणी, शाळेची फी यांत रोख संपली की मग गटाचं कर्ज, मायक्रोफायनान्सचा हप्ता किंवा सावकार. वाणी बिनव्याजी थांबायचा, निदान उघडपणे व्याज लावायचा नाही. हे सगळं कुठल्याही बिलावर छापून येत नाही आणि म्हणूनच बचतीच्या हिशेबात कुणी धरत नाही.

दुकानदाराची दुसरी अडचण खरेदीच्या दराची. मोठ्या साखळ्यांना आणि घाऊक कंपन्यांना ज्या दराने माल मिळतो, त्या दराने तो डिस्ट्रिब्युटरलाही मिळत नाही. यावरून वितरकांनी जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात कोलगेटच्या काही मालाचं वितरण थांबवलं होतं. टूथपेस्टची तीच ट्यूब, पण कोण विकत घेतं त्यावर खरेदीचा दर वेगळा. मेहनत करून ही तफावत भरून निघत नाही. दुकानदाराने काउंटर चकचकीत केला, ऑनलाइन पैसे घेतले, घरपोच माल दिला, तरी ट्यूब त्याला महागच पडते.

नोकऱ्या, कर आणि गल्ल्यातला पैसा

भारतातला सगळ्यात मोठा अभ्यास इक्रिअर या दिल्लीच्या संस्थेने सरकारच्या सांगण्यावरून केला. २००८ च्या त्या अहवालात दिसलं की मोठ्या दुकानांच्या जवळच्या छोट्या दुकानदारांचा धंदा आणि नफा सुरुवातीला घटला, पण काळ गेला तसा हा परिणाम ओसरत गेला. वर्षाला ४.२ टक्के छोटी दुकानं बंद होत होती आणि मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे बंद होणारी १.७ टक्के होती. हे आकडे धीर देणारे वाटतात. पण तेव्हा मोठी दुकानं मुख्यतः महानगरांत होती, तिथली लोकसंख्या आणि लोकांची कमाई भराभर वाढत होती. पन्नास हजार वस्तीच्या गावात तशी वाढ नसते. तिथे मार्टाचा धंदा वाढला तो कुणाच्या तरी गल्ल्यातूनच आलेला असतो. मुंबईत मॉलच्या आसपासच्या छोट्या दुकानदारांची आणि फेरीवाल्यांची २००७ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा बहुतेकांनी धंदा घटल्याचंच सांगितलं होतं.

नोकऱ्यांवर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे आणि निष्कर्ष एकसारखे नाहीत. एमेक बास्कर यांच्या २००५ च्या अभ्यासात वॉलमार्ट आल्याच्या वर्षी त्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, किरकोळ विक्रीतल्या सुमारे १०० नोकऱ्या वाढलेल्या दिसल्या. पाच वर्षांत त्यांतल्या निम्म्या गेल्या, कारण इतर दुकानं बंद पडली किंवा आकसली. घाऊक व्यापारातल्याही सुमारे २० गेल्या. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलं. त्यांच्या हिशेबात वॉलमार्टच्या एका नोकरीमागे दुसरीकडच्या सुमारे १.४ नोकऱ्या गेल्या. दोघांत मतभेद आहेत, पण उद्घाटनाच्या दिवशी जाहीर होणारा आकडा पाच वर्षांनी तेवढा राहत नाही, हे दोघांच्याही आकड्यांतून दिसतं.

आपल्याकडे यात एक भर घालायला हवी. पेठेतल्या पोऱ्याला पीएफ नसतो, सुट्टी मालकाच्या मर्जीवर. मार्टात वीसपेक्षा जास्त माणसं असल्याने पीएफचा कायदा लागू होतो. त्या दृष्टीने ती नोकरी बरी, मग भले ती ठेकेदारामार्फत असो. पण जो माणूस काल दुकानाचा मालक होता, त्याला पन्नाशीत बिलिंग काउंटरवर नोकरी मिळत नाही.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठातले केनेथ स्टोन यांनी लहान गावांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना दिसलेली एक गोष्ट महाराष्ट्राला फार लागू पडते. ज्या गावात वॉलमार्ट आलं त्या गावाची एकूण विक्री वाढली, तिथली हॉटेलंसुद्धा चालली, कारण आजूबाजूचे लोक तिकडे येऊ लागले. नुकसान झालं ते वॉलमार्टसारखाच माल विकणाऱ्या दुकानांचं आणि शेजारच्या, वॉलमार्ट नसलेल्या गावांचं. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी मार्ट आलं की पंधरा-वीस किलोमीटरवरच्या बाजाराच्या गावाचं काय होतं, हे कुणीतरी नीट मोजायला हवं. आठवडी बाजारात किराण्याची पालं कमी झाली की भाजीवालीचं गिऱ्हाईकही कमी होतं, कारण लोक एका फेरीत सगळं उरकतात.

कराचं गणितही फसवं असतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात अॅशव्हिल शहरात जो मिनिकोझी या नगररचनाकाराने साधा प्रश्न विचारला: एकूण कर किती यापेक्षा, एकरी कर किती? शहराबाहेरच्या वॉलमार्टकडून वर्षाला एकरी सुमारे ६,५०० डॉलर मालमत्ता कर येत होता. जुन्या पेठेतल्या, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेल्या एका बहुमजली इमारतीचा हिशेब निघाला एकरी सुमारे ६,३४,००० डॉलर. वॉलमार्टने ३४ एकर अडवले होते आणि त्यातलं बरंचसं पार्किंग. रस्ता, गटार, पाण्याची लाइन तिथपर्यंत न्यायची ती गावाच्या खर्चाने. आपल्याकडे जीएसटी केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. नगरपरिषदेच्या हातात मुख्यतः मालमत्ता कर राहतो. तेव्हा एकरी हिशेब आपल्याही नगरसेवकांनी मांडून बघावा.

मग गल्ल्यातला पैसा कुठे जातो? वाण्याचा नफा गावातच फिरतो: गावातला सीए, गावातला पेंटर, मुलीच्या लग्नात गावातलाच मंडपवाला, गणपतीची वर्गणी. मार्टाचा नफा मुख्यालयात जातो आणि तिथून भागधारकांकडे. बचत गटाच्या बायकांचं उदाहरण घ्या. त्या उन्हाळ्यात नाचणीचे पापड, कुरडया, मेतकूट करतात आणि पेठेतल्या दुकानात ठेवायला देतात. वीस पाकिटं ठेवली, चौदा खपली, चौदाचे पैसे, विषय संपला. मार्टाच्या शेल्फवर जायचं तर बारकोड हवा, एकसारखं पॅकिंग हवं, वर्षभर ठरलेला पुरवठा हवा. शिवाय खरेदीचा निर्णय गावातल्या मॅनेजरच्या हातात नसतो. तो भला माणूस असला तरी "वरून ऑर्डर लागते" एवढंच सांगू शकतो.

आणि ते निघून गेलं तर?

नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर ओरिएंटल नावाचं हजारेक वस्तीचं गाव आहे, शिडाच्या होड्यांसाठी ओळखलं जाणारं. तिथे २०१४ मध्ये वॉलमार्टने एक्सप्रेस नावाचं लहान दुकान काढलं. गावात एका कुटुंबाचं चाळीसहून अधिक वर्षं चाललेलं किराणा दुकान होतं. ते २०१५ मध्ये बंद पडलं. जानेवारी २०१६ मध्ये वॉलमार्टने जगभरातली २६९ दुकानं बंद करायचं ठरवलं. त्यात एक्सप्रेस प्रकारची सगळीच दुकानं गेली आणि ओरिएंटलचंही गेलं. दोन वर्षांच्या आत गावात ना जुनं दुकान उरलं ना नवं. ताजी भाजी आणि औषधं आणायला लोकांना दुसऱ्या गावी गाडी काढावी लागली. कंपनीने काही बेकायदेशीर केलं नव्हतं. दोनशे एकोणसत्तरांतलं ते एक दुकान होतं, गावासाठी मात्र एकुलतं एक.

आपणही बिग बझार बघितलं आहे. किशोर बियाणींनी २००१ मध्ये सुरू केलेली ती साखळी एके काळी शहरोशहरी होती. कर्ज वाढत गेलं, २०२२ मध्ये बऱ्याच दुकानांच्या जागा रिलायन्सने ताब्यात घेतल्या, आणि मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली. माल देऊन बसलेल्या पुरवठादारांची देणी लटकली. शहरात शेजारी दुसरं दुकान असतं म्हणून गिऱ्हाइकाला फरक पडला नाही. लहान गावात तोवर पेठ विझलेली असेल तर काय?

मार्ट येऊच देऊ नये, असं मला म्हणायचं नाही. फ्रान्सने १९७३ पासून मोठ्या दुकानांना खास परवानगीची अट घातली, तरी तिथे हायपरमार्केटं वाढलीच. मला महत्त्वाची वाटते ती छोट्यांनी एकत्र येऊन खरेदी करण्याची गोष्ट, कारण मार्टाची खरी ताकद खरेदीत आहे. आणि यात महाराष्ट्र नवशिका नाही. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ मध्ये अपना बाजार उभा केला. दमाणींनी डीमार्टच्या आधी किराण्याचे धडे गिरवले ते नेरुळला याच अपना बाजारची फ्रँचायझी घेऊन. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या सहकारी समूहातून वारणा बाजार उभा राहिला. गोव्यात फोंड्याची बागायतदार सोसायटी बागायतदारांकडून सुपारी-नारळ विकत घेते आणि स्वतःच्या बाजारांतून लोकांना किराणा विकते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून घरांचे संघ करून याद्या गोळा करते आणि एकत्र खरेदी करते. माल आला की सभासद स्वतः उतरवून घेतात आणि वाटप करतात. यादीची ताकद कशात असते हे त्या लोकांनी पन्नास वर्षांपूर्वी ओळखलं होतं. एका तालुक्यातल्या साठ-सत्तर किराणा दुकानदारांनी तेल, साखर, डाळ आणि साबण एवढ्याच चार गोष्टी मिळून घेतल्या, तरी दरातला बराच फरक भरून निघू शकतो. यात अडचण आहे ती भांडवलापेक्षा एकमेकांवरच्या विश्वासाची, आणि व्यापारी संघटनांनी आंदोलनाइतकाच वेळ या कामाला द्यावा असं मला मनापासून वाटतं.

नागरिकांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. बायपासची शेतजमीन व्यापारी वापरासाठी आपोआप खुली होत नाही. ती विकास आराखड्यात तशी दाखवावी लागते किंवा आराखड्यात फेरबदल करावा लागतो, आणि दोन्ही वेळेला महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मुदत साधारण महिनाभराची असते. नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते, बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि बुलडोझर लागल्यावर चर्चा सुरू होते. हरकतीचा अर्ज साध्या कागदावर करता येतो. एकरी कर किती मिळणार, पाण्याची आणि रस्त्याची सोय कोणाच्या खर्चाने होणार, पार्किंगसाठी किती जागा जाणार, आणि दुकान बंद पडलं तर त्या इमारतीचं काय करणार, एवढे चार प्रश्न त्यात लिहा आणि आवक-जावक विभागाचा शिक्का असलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.